सेव्ह केलेलं पाण्याचं वेळापत्रक

दुष्काळाच्या त्या वर्षांत पुंडलिकनगरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. दिसेल ते भरून ठेवायची सवय इतकी अंगात मुरली होती, की इंटरनेटवरची पानंही मी तशीच भरून ठेवायचे. गुडघ्याचे व्यायाम, कमी पाण्यात भांडी घासायच्या युक्त्या, काहीही दिसलं की बटण दाबायचं आणि अख्खं पान मोबाईलमधल्या नोंदींच्या ॲपमध्ये जमा. पुन्हा उघडून वाचायला त्राण कुणाच्या अंगात होतं!

त्यातच महापालिकेच्या वेबसाइटवरचं पाण्याचं वेळापत्रकही होतं. पाणी नेमकं कधी येईल याचा भरवसा नसायचा आणि मी दिवसभर उस्मानपुऱ्यात ऑफिसला असायचे, म्हणून आई घर सोडून हलायची नाही. चितेगावची मावशी अंथरुणाला खिळली होती. आईची एकुलती एक बहीण. पैठण रोडनं तासाभराचीही वाट नाही, पण आईचं जाणं महिनाभर लांबलं होतं.

"कधी जाऊ गं? बघ की तुझ्या मोबाईलमधी."

मी ॲप उघडलं. "बुधवारी पाणी आहे. ते भरून घे आणि गुरुवारी सकाळी जा."

बुधवारी आई दिवसभर नळापाशी बसली. पाणी आलंच नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी वैतागून वेबसाइटवरचं मूळ पान उघडलं. मधेच पाइपलाइन फुटली होती आणि आमचा वार गुरुवारवर गेला होता. तिथं ते कधीच बदललं होतं. माझ्याकडं मात्र सेव्ह केलं त्या दिवशीचंच पान होतं. ते आपोआप बदलत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"तू उद्या जाच. पाण्याचं मी बघते," मी म्हणाले.

"तुला कुठं रजा मिळती? ड्रम कोरडाठाक पडलाय. शुक्रवारी जाते मी."

मीही फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर मी दमले होते, आणि तिनं नाही म्हटल्यावर मला जरा बरंच वाटलं.

गुरुवारी दुपारी पाणी आलं. आईनं ड्रम भरला, हंडे भरले, तांबेसुद्धा भरले. शेवटची बादली उचलताना चितेगावहून फोन आला. मावशी गेली होती.

आईनं बादली तिथंच ठेवली आणि चितेगावला जायला पिशवी भरायला घेतली.

पुढच्या आठवड्यात ऑफिसला निघताना मी दारातच थेट वेबसाइट उघडली. आई ड्रम घासत होती.

"नको बघू ते आता," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय? मी हाय घरीच."