पट्टीला न दिसलेलं विष

देऊळघाटच्या महामायेला सगळे शांत म्हणत. चिखलीजवळच्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत ती बरीच वर्षं नोकरीला होती आणि तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. वडील जानराव शाळेत शिपाई होते. आई बेबीताई लोकांच्या वावरात निंदणाला जायची. त्या घरातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली ती पहिली पोर. नवरा प्रसेनजित एसटीत कंडक्टर होता, स्वभावाने मोकळा. एकूण संसाराला नाव ठेवायला जागा नव्हती.

तरी या शांत बाईच्या पोटात एक आग होती, आणि तिचं नाव जयमाला.

जयमाला अमडापूरच्या मोठ्या शेतकरी घरातली. बुलढाण्याला कॉलेजात दोघी एकाच बाकावर बसायच्या. जयमाला हुशार होती, पण प्रयोगशाळेत तिचं मन लागत नसे. ती गप्पा मारायची, डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटायची आणि शेवटी महामायेची वही समोर ओढून आकडे उतरवून घ्यायची. महामायेला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट, आपल्यावाचून हिचं अडतं याचं तिला बरं वाटायचं.

पुढे जयमाला लग्न होऊन धामणगाव बढ्याला गेली. सासऱ्यांचं रिकामं गोदाम होतं. तिथे तिने जनावरांच्या गोळी ढेपेचा कारखाना टाकला. मका, सरकी, तुरीची चुनी दळून, वाफवून त्याच्या गोळ्या करायच्या आणि पोत्यांत भरून विकायच्या. चार-पाच वर्षांत मोताळ्यापासून चिखलीपर्यंत गोठ्यागोठ्यात तिची पोती दिसू लागली. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला तेव्हा ती व्यासपीठावर होती आणि महामाया खाली तिसऱ्या रांगेत. भाषणात जयमाला म्हणाली, की मला जे काही रसायनशास्त्र येतं ते माझ्या मैत्रिणीने शिकवलेलं आहे, ती बघा समोर बसली आहे. लोकांनी वळून टाळ्या वाजवल्या. महामाया हसली, हात जोडले. घरी येताना मात्र त्या टाळ्या तिच्या अंगाला चावत होत्या. हिने निंदा केली असती तर बरं, असं तिला वाटलं. वरच्या पायरीवरून केलेलं कौतुक परत कसं फेकायचं?

तिच्याकडे गोदाम नव्हतं, सासरचं रान नव्हतं. मार्क तेवढे जास्त होते.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पावसाने ठाण मांडलं. तोडणीला आलेली मक्याची कणसं शेतात उभ्या ताटांवरच भिजली, खळ्यावर पडलेला मका ताडपत्रीखाली उबला. दाण्यावर हिरवट बुरशी चढली. या बुरशीतून एक विष तयार होतं, अफ्लाटॉक्सिन. डोळ्यांना दिसत नाही, वासाला येत नाही. ढेपेतून ते जनावराच्या पोटात जातं आणि तिथून त्याचा अंश दुधात उतरतो. म्हणून डेअरीचा नियम होता, की डेअरीच्या केंद्रांवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ढेपेचा नमुना दर महिन्याला महामायेने तपासायचा.

तपासणीची रीत सोपी होती. ढेप बारीक दळायची, किटसोबत आलेल्या पाण्यासारख्या द्रावणात ती हलवायची म्हणजे विष त्यात उतरतं, मग गाळून त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. यंत्र पट्टी वाचून आकडा दाखवतं. वीसच्या वर आकडा गेला की माल नापास.

त्या हिवाळ्यात एकामागून एक कारखान्यांचा माल नापास झाला. जयमालाचा मात्र पास. नुसता पास नाही. यंत्र जवळजवळ शून्य दाखवायचं. डेअरीचे व्यवस्थापक दयाराम खूश झाले. एवढ्या ओल्या सालात असा माल देणं म्हणजे बाईची कमाल आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शेतकरी दुसऱ्यांची ढेप सोडून जयमालाकडे वळले. आणि दर महिन्याला तिच्या निर्मळपणाच्या दाखल्यावर सही महामायेचीच. सही करताना तिचं पेन कागदात रुतायचं.

एकदा नमुन्याचं पोतं उलटं पडलं होतं आणि त्यामागची बारीक अक्षरं तिच्या नजरेला पडली. 'टॉक्सिन बाइंडरयुक्त.' बाइंडर म्हणजे एका जातीच्या मातीची पावडर. ती जनावराच्या पोटात विषाला धरून ठेवते, म्हणजे ते रक्तात न जाता शेणावाटे निघून जातं. महामायेला हे ठाऊक होतं. त्या दिवशी तिच्या मनात पुढचा प्रश्न आला. जी माती पोटातल्या पाण्यात विष सोडत नाही, ती माझ्या द्रावणात तरी कशी सोडेल?

तिने जयमालाची ढेप घेतली, तिच्यात शुद्ध विषाचं मोजलेलं माप स्वतः घातलं आणि पट्टी लावली. जेवढं घातलं होतं, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पट्टीवर आला. उरलेलं मातीने दाबून ठेवलं होतं. पट्टी खोटं बोलत नव्हती. तिच्यापर्यंत विष पोहोचतच नव्हतं. मग तिने त्याच ढेपेचा, वरून विष न घातलेला नमुना शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे मातीची पकड सोडवणाऱ्या कडक द्रावणाने विष बाहेर काढतात. उत्तर आलं, छत्तीस.

उत्तर वाचून महामायेला जो आनंद झाला, तो तिला मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता. त्याची तिला लाजही वाटली, पण आनंद काही कमी होईना.

त्याच आठवड्यात तिने आणखी एक काम केलं होतं. जयमालाची ढेप खाणाऱ्या गायींचं दूध तपासलं होतं. अमडापूरच्या भागवतच्या दहा गायी निव्वळ त्याच ढेपेवर होत्या. दूध स्वच्छ निघालं. म्हणजे पावडर आपलं काम करत होती. विष ढेपेत होतं, पण दुधात उतरत नव्हतं. एवढं सगळं महामायेला कळत होतं, आणि यातलं अर्धं आपण सांगणार नाही, हेही तिला आतून कळलं होतं.

डेअरीच्या महिन्याच्या सभेला दूध उत्पादक आले होते, ढेपवाले आले होते. जयमाला पहिल्या ओळीत होती. महामाया उठली आणि शांत आवाजात तिने सांगितलं, की जयमालाबाईंच्या ढेपेत मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट विष आहे. त्यांच्या ढेपेतल्या पावडरीमुळे ते आमच्या पट्टीला दिसत नव्हतं. दुधाबद्दल ती बोलली नाही. सभेत आधी कुजबुज झाली, मग गलका. कुणीतरी म्हणालं, म्हणजे पावडर टाकून आम्हाला फसवलं. जयमालाने उठून काही सांगायचा प्रयत्न केला, पण तिचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. ती महामायेकडे एकदा बघून निघून गेली. त्या नजरेने महामायेला सुख वाटलं. ते सुख तिने दोन दिवस जपून वापरलं.

पोती परत जाऊ लागली. पण जनावरांना खायला तर लागतंच. लोकांनी बाजारातून सुटी सरकी ढेप आणि भरडलेला मका आणला. त्यात पावडर नव्हती आणि ती ढेप डेअरीच्या केंद्रावर विकली जात नव्हती, म्हणून तपासणीही नव्हती. काही दिवसांतच दुधाचे नमुने बिघडायला लागले. आधी एक, मग एकदम पाच-सहा. आणि एका सकाळी भागवतचं दूध नापास झालं.

भागवत चिडून आला नव्हता. टोपी हातात धरून प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"ताई, त्या ढेपेवर होतो तवा माहं दूध कसं होतं?" त्याने विचारलं.

महामायेने हातातली पट्टी खाली ठेवली.

"तुमी एकदा नमुना नेला होता. मी इचारलंच नाई तवा. चांगलं होतं का?"

"हाव," ती म्हणाली. "स्वच्छ होतं."

भागवतने टोपी डोक्यावर घातली. "मंग तुमीच सांगतलं म्हणून सोडली ना मी ते ढेप," एवढंच म्हणून तो नाकारलेले कॅन उचलायला गेला. गोठ्यामागच्या खड्ड्यात त्याने दूध ओतलं, असं तिला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी तिने प्रसेनजितला सगळं सांगितलं. तो उपदेश करणारा माणूस नव्हता. जेवताना म्हणाला, उद्या माझी ड्युटी मोताळा गाडीवर आहे, यायचं असेल तर ये. ती गेली.

धामणगाव बढ्याचा कारखाना बंदच होता. जयमाला गोदामात परत आलेल्या पोत्यांजवळ खुर्ची टाकून बसली होती. तिने महामायेला बस म्हटलं नाही.

"दूध तपासलं होतं ना तू?" तिने विचारलं. "भागवतभाऊचा फोन आला होता मले."

"हाव."

"मग सभेत काऊन नाही बोलली?"

महामायेने बसमध्ये पुष्कळ उत्तरं जुळवली होती. पडताळणी बाकी होती, एकाच गोठ्याचा नमुना होता, असली. ती सगळी बाजूला राहिली.

"तुह्यावर जळत होती मी," ती म्हणाली.

"ते मले कॉलेजपासून माहीत आहे, माया. पण ते माह्या कामावर काढशील असं नव्हतं वाटलं."

महामायेला हे अपेक्षित नव्हतं. इतकी वर्षं आपण जे लपवलं असं समजत होतो, ते समोरच्या बाईला दिसत होतं आणि तरी ती व्यासपीठावरून आपलं नाव घेत होती, हे तिला त्या गोदामात उभ्या उभ्या कळलं. पण आली होती त्या कामाचं विचारायचं राहिलं होतं.

"मका ओला आहे हे तुले माहीत होतं?"

जयमालाने शेजारच्या पोत्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "माहीत होतं. म्हणून तर पावडर दुप्पट टाकली, जनावराले बाधू नये म्हणून. पहिला दाखला आला तवा मीच चाट पडली. मग समजलं, तुह्या पट्टीले हे दिसूनच नाही राह्यलं. अन् मी गप्प बसली. तुले फोन करायले पाहिजे होता."

"छत्तीस म्हणजे नापासच आहे, जयमाला. पावडर असो नाही तर नसो. पावडर सगळंच्या सगळं धरत नसते."

"समजते मले."

दोघींनी चहा घेतला नाही. पण पोती मोजायला जयमाला उठली तेव्हा महामाया तिच्याबरोबर गेली, आणि कोणत्या लॉटचा मका किती भिजलेला होता ते दोघींनी मिळून काढलं.

पुढच्या सभेत महामाया पुन्हा उठली. या वेळी तिचा आवाज शांत राहिला नाही. मागच्या वेळी मी अर्धंच सांगितलं, ती म्हणाली. ढेपेत विष होतं हे खरं, आणि दुधात ते उतरलं नव्हतं हेही खरं, आणि ते मला त्या दिवशीही माहीत होतं. शिवाय आधीच्या महिन्यांचे निर्मळ दाखले माझ्याच सहीचे होते. ते चूक होते. पट्टी ज्या रीतीने वापरतो ती पावडर घातलेल्या ढेपेला चालत नाही, हे मी आधी तपासायला हवं होतं. एकाने विचारलं, मग ताई, आता कोणती ढेप घालायची ते सांगा ना सरळ. ती म्हणाली, बाजारातली सुटी ढेप आजच बंद करा, आणि नव्या रीतीने तपासल्याशिवाय कुणाचीच घेऊ नका, जयमालाबाईंचीसुद्धा.

दयारामांनी तिला नंतर खोलीत बोलावून चांगलंच सुनावलं आणि बढती त्या वर्षी बाजूला ठेवली. मात्र डेअरीची रीत बदलली. पोत्यात पावडर असेल तर ती कोणती आणि किती, हे कारखान्याने आधी कळवायचं. अशा ढेपेत आधी विषाचं माप घालून पट्टी त्यातलं किती दाखवते ते पाहायचं, आणि ती कमी दाखवत असेल तर नमुना कडक द्रावणाच्या तपासणीला पाठवायचा. ढेपेसोबत दूधही तपासायचं. जयमालाने भिजलेल्या मक्याचा सगळा माल बाजारातून मागे घेतला. तिचं मोठं नुकसान झालं, पण गिऱ्हाईक हळूहळू परतलं. भागवतचं दूध ढेप बदलल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा पास झालं. तो महामायेशी आधीसारखंच बोलतो. फक्त आता प्रत्येक नमुन्याचा आकडा विचारल्याशिवाय दारातून हलत नाही.

मैत्री पहिल्यासारखी झाली असं म्हणता येणार नाही. जयमाला महामायेला आता हाक मारते ती कामापुरती. मका विकत घेण्याआधी नमुना पाठवते आणि आकडा मुकाट मानते.

गेल्या हंगामात जयमालाने मका वाळवायचं मोठं यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी महामायेला नमुना घ्यायला बोलावलं होतं. पत्र्याच्या त्या उंच यंत्रातून पिवळा, कोरडा, गरम मका धो धो खाली पडत होता, तालुक्यातली माणसं माना वर करून बघत होती, आणि महामायेच्या पोटात ती जुनी कळ पुन्हा उठली. हे माझं असतं तर. ती कळ तिने ओळखली, तिच्याशी भांडली नाही. पिशवी उघडली आणि ढिगाच्या वरून, मधून आणि अगदी तळातून, जिथे ओल लपून राहते तिथून, मूठमूठ मका काढून ती भरू लागली.