पाच सेंटिमीटरचं वर्तुळ

माझी आत्या एक नंबरची भित्री. पाल दिसली की खुर्चीवर चढायची, लिफ्टमध्ये जीव मुठीत धरून उभी राहायची. आणि अशा बाईने बावीस वर्षं नोकरी कुठे करावी, तर दगडखाणीच्या ऑफिसात! ती नकाशे काढायची. सुरुंग उडाला की दर वेळी टेबलाची कड घट्ट धरायची.

त्याच खाणीत माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, लाल झेंडा घेऊन लोकांना अडवायचे. सुरुंगापासून पाचशे मीटरच्या आत कुणी असता कामा नये, हा नियम. आत्याच्या नकाशाखाली लिहिलेलं असायचं, एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. साहेब सुरुंगाभोवती पाच सेंटिमीटरचं वर्तुळ काढत आणि चारही झेंडेवाले त्याच्या कडेवर उभे राहत.

साहेबांना जवळचं दिसेना, पण चष्मा लावायची लाज. "जरा मोठा करून आणा हो," ते म्हणाले. आत्याने नकाशा झेरॉक्सवर दुप्पट करून आणला. या वेळी वर्तुळाची कड पाण्याच्या टाकीवर आली, म्हणून बाबा टाकीपाशी उभे राहिले.

दुपारी डबा खाता खाता आत्याने सहज ऑफिस ते टाकी पट्टी लावली. सहा सेंटिमीटर, म्हणजे सहाशे मीटर. पण ती रोज तिथे चालत जायची, अंतर जेमतेम तीनशे होतं. तिने डबा बाजूला सारला. नकाशा दुप्पट झाला होता, खालची ओळ मात्र जुनीच राहिली होती. आता शंभर मीटरला दोन सेंटिमीटर हवे होते, पाचशेला दहा. साहेबांनी पाचच घेतले होते. तिचा दादा सुरुंगापासून अडीचशे मीटरवर उभा होता.

तेवढ्यात पहिला भोंगा झाला. दुसऱ्या भोंग्याला, पाच मिनिटांनी, सुरुंग उडणार. फोन करावा तर सुरुंगाच्या दिवशी सगळ्यांचे फोन ऑफिसच्या पेटीत. आत्या धावत सुटली.

"दादा, मागे हो! अंतर चुकलंय!"

"अगं, झेंडा सोडून कसा येऊ? आणि बाकीच्या तिघांचं काय?"

तिने त्यांच्या हातातला झेंडा हिसकावला आणि सरळ आत पळाली. सुरुंगवाला बटण दाबण्याआधी सगळीकडे नजर फिरवतो, आत माणूस दिसला तर थांबतो, एवढंच तिला माहीत होतं. त्याचं लक्ष नसेल तर? तिने झेंडा उंच धरला. ती पळत राहिली.

सुरुंगवाल्याने बटणावरचा हात वर उचलला.

संध्याकाळी सगळ्यांना नीट मागे नेऊन सुरुंग उडवला, तेव्हा घागरीएवढा दगड टाकीपाशी येऊन आदळला.

"साहेबांनी आज मारलंच असतं मला," बाबा घरी म्हणाले.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब नाही रे. ओळ बदलायची माझ्याकडून राहिली."

बाबांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "उद्या कुठे उभं राहायचं, ते तूच सांग."

दुसऱ्या दिवशी तिने तीनदा पट्टी लावली, जागा दाखवली, आणि भोंगा झाल्यावर तिथेच बाबांच्या शेजारी उभी राहिली. धरायला टेबल नव्हतं, म्हणून तिने त्यांची बाही धरली.