गरम हाताचा

१९४५ साल होतं आणि मी एकवीस वर्षांचा होतो. आत्या वीस म्हणायची. आई-बाप लहानपणीच गेले, वाढवलं आत्यानं, म्हणून तिचं ऐकायला पाहिजे, पण मी एकवीसच धरतो. राज्य निजामाचं होतं. शाळा मी दोन इयत्ता केली. मास्तर उर्दूत शिकवायचा. ते मला कळायचं नाही, आणि मला कळत नाही हे त्याला कळायचं नाही. एक दिवस पाटी तिथंच ठेवून उठलो, तो परत गेलो नाही. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं, पोरगं तापट आहे. मी तापट नव्हतो. आजही नाही.

जळकोटच्या शिवारात एका माणसाचा पानमळा होता. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांच्या विहिरीवर मी मोट हाकायचो. पाणी मळ्यात जायचं, पण मी जायचो नाही. विड्याच्या पानाची वेल लई नाजूक. आत जायचं तर वहाणा बाहेर काढायच्या, आणि वेलीला हात लावायचा तो फक्त आबांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. आबा म्हणायचे, माणसं दोनच जातीची, थंड हाताची आणि गरम हाताची. थंड हातानं बांधलेली वेल चढते, गरम हात लागला की मान टाकते. असे ते गावातल्या एकेका माणसाबद्दल सांगायचे. पाटील गरम, देवळाचा अय्या, म्हणजे पुजारी, थंड, त्यांची स्वतःची थोरली लेक गरम, म्हणून तिला मळ्याच्या घरात दिली नाही. मला त्यांनी विचारल्याशिवायच गरमात टाकलं होतं.

आबांना मुलगा नव्हता. धाकट्या मुलीला घरजावई हवा होता, मळा सांभाळणारा. ही धाकटी दुपारची भाकरी घेऊन विहिरीवर यायची. मी मोटेवर गाणं म्हणायचो. ती एकदा म्हणाली, गाणं वंगाळ आहे पण बैलांना आवडतं म्हणून म्हणत जावा. एवढंच. पण तेवढ्यावर माझं सगळं ठरलं. मळ्यासाठी नव्हे. मळा कुणीही घेऊन जावा.

आत्यानं शब्द टाकला. टाकायच्या आधी ती जोशाकडं जाऊन आली. माझ्या जन्माची वेळ तिला एवढीच माहीत, की ती जात्यावर बसली होती आणि पायली निम्मी दळून झाली होती. जोशानं त्यावरून काय मांडायचं ते मांडलं आणि सांगितलं, पोराचा राक्षसगण. मुलीचा निघाला देवगण. दुसऱ्या दिवशी विहिरीवर येणारा जाणारा मला विचारू लागला, काय राक्षस, जेवलास का? एकाच्या अंगावर मी चाबूक घेऊन धावलो. तो पळता पळता म्हणाला, बघा, जोशी खोटं बोलत न्हाय.

आबा मात्र हसले. आम्ही शिवाची माणसं, म्हणाले, जोशाचं आमच्यात चालत नाही. मग मला म्हणाले, "राक्षस असंना का. हात थंड पायजे. पौष सरला की वेलींची एक सरी तुझ्या हातानं बांध. वेली जगल्या तर लेक तुझी."

पौष सरायला अवकाश होता. तेवढ्या दिवसांत मी थंड की गरम ते मला शोधून काढायचं होतं. हात गालाला लावून बघायचो. बैलाच्या नाकाला लावायचो. बाजारात ओळखीच्या माणसाचा हात धरला की सोडायचोच नाही, त्याचा गार लागतो का माझा, ते बघत राहायचो. आपला हात आपल्याला कधी कळत नाही. दुसऱ्याला विचारावं तर तो हसायचा. शेवटी नळदुर्गला गेलो. तिथं किल्ल्याच्या बाजूला एक हकीम बसायचे, म्हातारे, पांढरी दाढी. चालत गेलो, उन्हाचा गेलो, आणि गेल्या गेल्या मनगट पुढं केलं. त्यांनी तीन बोटं ठेवली, डोळे मिटले.

"सफरावी मिजाज है तुमारा, मियाँ," म्हणाले. "गरम और खुश्क."

त्यांनी समजावून सांगितलं. खुश्क म्हणजे कोरडा. माणसाचे मिजाज, म्हणजे प्रकृती, चार. एकात रक्ताचा जोर, एकात कफाचा, एकात पिवळ्या पित्ताचा, एकात काळ्या. माझा पिवळ्या पित्ताचा. मी विचारलं, यातला सगळ्यात थंड कुठला? बलगमी, म्हणजे कफाचा. मी म्हणालो, मग मला बलगमी करा.

हकीम इतके हसले की त्यांना ठसका लागला. मिजाज बदलत नसतो, सांभाळायचा असतो, असं काहीतरी बोलले. मिरची, वांगं, गूळ बंद करायला सांगितलं, सब्जा भिजवून प्यायला सांगितलं. मी उठलो तेव्हा मागून म्हणाले, गुस्सा कम करो. मी म्हणालो, मला गुस्सा येतच नाही. ते मोठ्यानं म्हणालो असेन, कारण बाहेर बसलेली माणसं बघायला लागली.

पुढं आयुष्यभर हेच बघत आलो. परवा नातीनं कुठल्याशा साप्ताहिकातले प्रश्न वाचून दाखवले, उत्तरं द्या, तुमचा स्वभाव कळेल म्हणाली. मी विचारलं, कळून काय करायचं? ती म्हणाली, हे उत्तर पण त्यात बसतं. माणसं ओळखणाऱ्यांकडं एकदा का खण तयार असला की माणूस कसाही वागला तरी त्यातच पडतो.

तर मी मिरची सोडली. आत्या चिडली, बिनतिखटाचं कालवण वेगळं कुणी करायचं. सब्जा प्यालो. आणि हकिमानं सांगितलं नव्हतं ते एक माझ्या मनानं केलं. पौषाच्या थंडीत रोज पहाटे बोरी नदीत जाऊन गळ्याइतक्या पाण्यात बसायला लागलो. दात वाजायचे. हात काळेनिळे पडायचे. ते बघून मला बरं वाटायचं. थंडी आत मुरते आहे, असं वाटायचं. वाटेत गुरव भेटायचा. तो म्हणायचा, मरशील. मी उत्तर द्यायचो नाही, उत्तर दिलं की राग येतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री ताप भरला. सकाळी उठलो तर डोळ्यांतून वाफ निघत होती. आत्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, आबांना सांगते, चार दिवसांनी बांधील. मी तिला उंबऱ्यातून हलू दिलं नाही. ठरलेल्या दिवशी आलो नाही असं त्यांनी म्हणायला नको होतं.

वहाणा काढून मी पहिल्यांदा त्या मळ्यात पाऊल टाकलं. आत गार सावली, ओल्या मातीचा वास. आबांनी सरी दाखवली आणि ते दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. वेल शेवरीच्या झाडावर चढवायची, भिजवलेल्या लव्हाळ्याच्या पात्यानं बांधायची, घट्ट नाही आणि सैल नाही. धाकटी लव्हाळा हातात देत होती. तिसरा की चौथा देताना तिची बोटं माझ्या हाताला लागली. ती थांबली. मग तिनं सरळ माझा तळवा धरला.

"तुमास्नी ताप हाय," ती हळू म्हणाली. "आज नगा बांधू. म्या आबांना सांगते."

"कुणी काय सांगायचं न्हाय," मी म्हणालो.

"वेली मरतील ओ."

"न्हाय मरत."

ती लव्हाळा देत राहिली. तापात गाठी कशा बसल्या ते मला दिसत नव्हतं. सरी संपवली आणि घरी येऊन पडलो.

उठून हिंडायला लागलो तेव्हा आबांचा निरोप आला. गेलो. माझ्या सरीतल्या निम्म्याहून जास्त वेलींनी माना टाकल्या होत्या. पानं पिवळी, देठाशी काळी. शेजारच्या सरीतही दोन-चार सुकल्या होत्या, थंडीचा कडाका पडला होता त्या दिवसांत. मी तिकडं बोट दाखवलं. आबांनी बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

त्यांना वाईट वाटत होतं. ते मला दिसत होतं. खाली बसले, मला बसवलं.

"बांधताना काई इपरीत झालं हुतं का?" ते म्हणाले. "असलं तर आत्ता सांग. दुसरी सरी देतो."

धाकटी मोटेपाशी घागर घेऊन उभी होती. ताप होता, एवढं म्हणायचं होतं. मग आबा विचारणार, कुणी बघितलं? ती पुढं येणार, आणि तळवा धरला हे तिला बापासमोर सांगावं लागणार. हे एक. दुसरं असं, की मी दुखणाईत होतो, मला परत एकदा घ्या, हे माझ्या तोंडातून येईना. यातलं कुठलं खरं ते मला तेव्हाही कळलं नाही. आणि ताप नसता तर वेली जगल्याच असत्या, हे तरी कुणी सांगावं.

"न्हाय," मी म्हणालो. "काई झालं न्हाय."

आबांनी उठून धोतराची माती झटकली. घागर भरलेली नव्हती तरी धाकटी ती उचलून घराकडं गेली. चैत्रात आळंदकडचा, कानडी मुलखातला मुलगा तिच्यासाठी घरजावई आणला. जावई चांगला निघाला, वेली चढल्या, असं ऐकलं.

त्या दिवशी मळ्यातून घरी आलो. आत्यानं ताट वाढलं. जेवलो नाही. रात्रभर दोन्ही हात उशाखाली धरून पडलो होतो. सकाळी उठलो, आबांचा चाबूक त्यांच्या गोठ्यात खुंटीला टांगून आलो, आणि सोलापूरच्या सडकेवर खडी फोडायच्या कामाला जाऊन बसलो.