संगणकाच्या खोलीबाहेरच्या चपला

परवा एका दवाखान्याच्या दाराशी चपलांचा ढीग दिसला आणि मी एकटीच हसले. बारावीनंतर संगणकशास्त्राच्या पदवीसाठी मला दोन विद्यापीठांत जागा मिळाली होती, एक लांबच्या मोठ्या शहरात आणि दुसरी जळगावात. सगळे म्हणत होते, मोठ्या शहरात जा. माझे वडील, नाना, आमच्या अहिराणीत म्हणाले, “पहिले देखी येऊत.” धरणगावचे कापूसवाले ते, माल कुठल्या जिनिंगवर न्यायचा हे दाराशी लागलेल्या बैलगाड्या पाहून ठरवायचे. तेव्हा संगणकाला धूळ चालत नसे, म्हणून संगणकाच्या थंडगार खोलीत अनवाणीच जायचं. मोठ्या शहरात काचेतून यंत्रांची लांबलचक रांग दिसली, पण दाराबाहेर दोनच जोड होते, तेही साहेबी बूट. नाना तिथूनच मागे फिरले. जळगावात मात्र दाराशी पाय ठेवायला जागा नव्हती. धुळीने माखलेल्या, अंगठे तुटलेल्या चपलांचा नुसता खच, आणि आतून बटणांची टकटक. नानांनीही आपल्या चपला त्यातच काढल्या आणि आत डोकावून ते खुशीत म्हणाले, “देख, कितल्या चपला शेतस! आठे पोरेसले मशीनले हात लावू देतस. आठेच शिक.” मी लगेच हो म्हटलं. धरणगावला एसटीतून उतरताना पाहते तर नानांच्या एका पायात भलत्याच कुणाची चप्पल! मी पोट धरून हसले. ते मात्र शांतपणे म्हणाले, “मनी एक चप्पल तठेच राहिनी. आते तुले जानंच पडी.” आज मी तिथेच शिकवते. मुलं आता खुशाल बूट घालून आत येतात, पण दाराशी पोचले की माझी नजर अजून खाली जाते, नानांची ती चप्पल शोधत.