डिक्कीतलं हजेरी रजिस्टर

सास्तूरहून चार किलोमीटरवरच्या त्या गावात ग्रामपंचायतीची मासिक सभा कुठं भरते, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर एकच होतं : शिपाई कोंडिबाच्या स्कूटरच्या डिक्कीत.

तसं सभागृह होतं. त्यात अधिकाऱ्याच्या टेबल-खुर्चीसमोर चार प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. सदस्य सरपंच धरून सात, पण चार वर्षांत पाचवी खुर्ची कधी लागलीच नाही. सभा आटोपली की कोंडिबा रजिस्टर पिशवीत गुंडाळायचा, डिक्कीत टाकायचा आणि उरलेल्या तिघांच्या सह्या आणायला निघायचा. भूकंपानंतर गाव सरळ रांगांत वसवलेलं, त्यामुळं त्याचा रस्ताही ठरलेला. दुसऱ्या रांगेतला नंदीश बनियनवर बाहेर येऊन स्कूटरच्या सीटवरच सही ठोकायचा. चौथ्या रांगेतल्या भैरवीताईंचे हात हमखास पिठात असायचे. शेवटी गुरुलिंग, थेट शेतात. त्याला पेन द्यायचा आणि तो परत मागायची आठवण ठेवायची.

या कामात कोंडिबाला लाज वाटत नव्हती. उलट थोडा रुबाबच वाटायचा. "पंचायत म्या चालवतो," तो बायकोला म्हणायचा.

"मग नळाला पाणी बी आण की," बायको म्हणायची.

ते मात्र त्याच्या हातात नव्हतं. त्याचं घर भीमनगरात, पाण्याच्या लाइनीच्या पार टोकाला. तिथं नळ सोडला की आधी हवा यायची, मग फुसफूस, आणि घागर अर्धी होते न होते तोवर पाणी बंद. आता गावाला नवी टाकी मंजूर झाली होती. इंजिनिअरनं भीमनगराजवळचा उंच माळ दाखवला होता. उपसरपंच गौरीशंकरला, म्हणजे गावाच्या अण्णांना, ती आपल्या आळीत हवी होती. जागेचा ठराव सभेत व्हायचा होता, आणि सातांपैकी चार मतं गौरीशंकरच्या खिशात होती : एक स्वतःचं, तीन डिक्कीतली.

पण भीमनगरच्या सदस्य मथुराबाईंनी मागच्याच महिन्यात सभांचं जुनं प्रोसिडिंग बुक चाळलं होतं. ज्या ज्या ठरावाला त्यांनी उभं राहून विरोध केला होता, त्याच्याखाली 'सर्वानुमते मंजूर' लिहिलेलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, या सर्वांत म्या कुठं हाय?"

ग्रामपंचायत अधिकारी चारुशीला मॅडम नव्यानं आलेल्या. त्यांनी लगेच ठरवलं : टाकीच्या ठरावाला एकेकाचं नाव पुकारायचं, जो समोर असेल त्याचंच मत लिहायचं. तसं नोटिशीत ठळक टाईप केलं. कोंडिबानं ती नोटीस सातही घरी नेली. सगळ्यांनी सवयीनं न वाचताच सही केली.

"या बरं का, या टायमाला नावं पुकारणार हायत," तो प्रत्येकाला म्हणाला.

"तू येशीलच की रजिस्टर घिऊन," नंदीश हसला.

सभेच्या दिवशी दुपारी नेहमीचे चौघं जमले : सरपंच सीताबाई, मथुराबाई, म्हातारे महांतप्पा आणि गौरीशंकर. टाकीचा विषय आला तशी मॅडमनी पेनचं टोपण काढलं. गौरीशंकरनं एकवार खुर्च्यांकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, अर्धा तास थांबा. कोंडिबा, पळ! तिघांना उचलून आण."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "अर्धाच तास."

कोंडिबानं स्कूटरला किक मारली. आपल्याच नळाच्या पाण्यावर पाणी सोडायला आपणच निघालोय, हे त्याला पहिल्या वळणावरच कळलं. त्यानं स्कूटर हळू केली. पेट्रोल संपलं म्हणता आलं असतं. चाक पंक्चर म्हणता आलं असतं. एक शेळी शेजारून पुढं निघून गेली, तेव्हा मात्र त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. इतकी वर्षं कुणाचंही रजिस्टर त्यानं उशिरा नेलं नव्हतं. त्यानं गिअर टाकला.

नंदीश झोपेतून उठून आला. "रजिस्टर कुठंय?"

"रजिस्टर तिथंच हाय. तुमीच चला."

"आत्ता? मॅडमला सांग, अण्णा म्हणतेत ते माझं मत."

"तसं चालत न्हाय आज."

"न चालायला काय झालं? चार वर्षं चाललं की!" म्हणत तो आत गेला.

भैरवीताईंनी पदराला हात पुसले. "येते की. सभागृहात बसायला खुर्ची हाय ना?"

कोंडिबा घुटमळला, पण खोटं त्याच्या तोंडून निघालं नाही. "चारच हायत, ताई. पण अंगणवाडीतनं आणतो की."

"सदस्य हाय मी, उभी राहू व्हय? आधी खुर्ची आण, मग बोलव."

गुरुलिंग तेवढा निघाला. चिखलाच्या पायांनी मागं बसला आणि म्हणाला, "जोरात घे, अण्णा चिडतील." कोंडिबानं जोरात घेतली. आपल्या विरोधातलं मत आपल्याच स्कूटरवर बसवून तो खड्डे चुकवत सभागृहासमोर येऊन थांबला. अजून चार मिनिटं उरली होती.

नावं पुकारली गेली. सीताबाई, माळाची जागा. मथुराबाई, माळाची जागा. महांतप्पांनी हातानंच उतार दाखवला. "पाणी उतारानं येतंय," ते म्हणाले, "माळच बरा." गौरीशंकर, विरोध. गुरुलिंग भिंतीला टेकून उभा, विरोध. मग मॅडमनी उरलेली दोन नावं तीन-तीनदा पुकारली आणि दोन्हींपुढं एकच शब्द लिहिला. गैरहजर. कोंडिबानं रजिस्टर हजारदा उघडलं होतं. हा शब्द त्यात तो पहिल्यांदा बघत होता.

तीन विरुद्ध दोन.

"तुला आणायला धाडलं होतं ना?" गौरीशंकर बाहेर येऊन गरजला.

"धाडलं होतं, अण्णा. पर त्यांना घरी बसायची सवय बी म्याच लावली हो," कोंडिबा म्हणाला. तो टोमणा नव्हता. ते त्याला आत्ताच, गुरुलिंगकडून आपला पेन परत घेताना सुचलं होतं.

पुढच्या सभेला सातही जण आले. गुरुलिंगसकट उशिरा आलेल्या तिघांसाठी कोंडिबानं अंगणवाडीतल्या लाल, पिवळ्या, निळ्या खुर्च्या आणून ठेवल्या. नंदीश निळीवर बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. त्यानं तिथूनच हात पुढं केला.

"कोंडिबा, आण रे रजिस्टर इकडं."

"टेबलावर हाय," कोंडिबा म्हणाला आणि चहा सांगायला निघाला. आज सदस्यांचे चारऐवजी सात कप सांगायचे होते.