ज्वारीचं पोतं आणि गोल डोक्याचा माइक

खुर्ची डोळे मिटून निवडायची असते, हे मी औरंगपुऱ्यातल्या चार फर्निचरवाल्यांना शिकवायचा प्रयत्न केला. तिघं हसले. चौथ्यानं मला दुकानाबाहेर काढलं.

त्याचं तरी काय चुकलं? पंचविशीतली एक बाई येते, रांगेतली एकेक खुर्ची ओढते, बसते, डोळे मिटते आणि डावीउजवीकडं झुलते. मग नकाराची मान हलवून पुढच्या खुर्चीवर जाते. लाकडी खुर्ची कुरकुरली. लोखंडी घडीची किणकिणली. वेताची तर पापड मोडल्यासारखी वाजली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या तेव्हा नव्यानंच आल्या होत्या. त्यांच्याकडून मला फार आशा होती, पण जरा अंग हलवलं की त्या असा काही आवाज काढायच्या, की चारचौघांत आपल्यालाच खुलासा करत बसावा लागेल.

"ताई, खुर्ची बसायला पायजे का वाजवायला?" चौथा दुकानदार शेवटी वैतागला.

"न वाजणारी पायजे. मुकी खुर्ची दाखवा."

"मुकी?"

"व्हय. बोलणार मी. तिनं गप बसायचं."

त्यानं हात लांब करून दार दाखवलं. मी जाताजाता दाराजवळच्या स्टुलावरही बसून पाहिलं. तेही वाजलं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवरा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि आम्ही पुंडलिकनगरात दोन खोल्यांत राहायचो. वाळूजला कारखाने वाढत होते, त्यांच्यामागं वस्त्या वाढत होत्या आणि वस्त्यांमागं दुकानं. प्रत्येक दुकानाला आपली हाक गावभर फिरवायची होती. रिक्षावर दोन भोंगे बांधायचे, आत कॅसेट लावायची आणि गल्लीगल्लीतून फिरायचं, अशी ती जाहिरात. भोंग्यातले आवाज सगळे पुरुषांचे. अर्धे पुरुष भांडायला आल्यासारखे ओरडायचे, उरलेले बातम्या दिल्यासारखे बोलायचे. एक दिवस भाजी निवडताना मी नवऱ्याला म्हणाले, "ह्यांच्यापेक्षा मी बरी बोलेन. मागच्या खोलीत मी स्टुडिओ काढते."

नवऱ्याला खोकला आला. पुढं वर्षभर स्टुडिओ शब्द निघाला की त्याला खोकला यायचा.

माझा भरवसा माझ्या गळ्यावर होता. आमचं माहेरचं काम मेंढरांचं. नाल्याच्या ह्या काठावरून पलीकडच्या काठावरच्या माणसाला जेवायला बोलवायचं, ते काय कुजबुजून? पण आवाज असणं वेगळं आणि तो कॅसेटवर नीट उतरणं वेगळं. माझी पहिली कॅसेट ऐकून नवरा म्हणाला, "विहिरीत पडलीस का?" रिकाम्या भिंती माझा आवाज माझ्याकडंच परत फेकत होत्या.

त्यावर कुणीतरी सांगितलं की पुण्याहून आवाज शोषणारे खास तक्ते आणून भिंतींना लावतात. मी माहेरून घोंगड्या मागवल्या. आठ घोंगड्या चारी भिंतींवर खिळ्यांनी ठोकल्या, टेबलावर दुहेरी वाकळ टाकली, आणि खोली अशी शांत झाली की माझाच श्वास मला दचकवायला लागला. वास मात्र मेंढ्यांचा. पाहुणे आत येऊन नाक वर करायचे. मी म्हणायची, "पुण्याचे तक्ते आणले असते तर तुम्हाला हा मान कुठून मिळाला असता?"

राहिली खुर्ची. ती घरातच सापडली, तीही स्वयंपाकघरात. ज्वारीचं पोतं! एकदा दमून त्याच्यावर टेकले, पोत्यानं एक सुस्कारा सोडला आणि मग अगदी गप. हललं तरी गप. मी तिथून ओरडले, "मिळाली!" पोतं मागच्या खोलीत ओढलं.

"अन्नावर बसतेस?" नवऱ्यानं विचारलं.

"अन्नासाठीच बसते," मी म्हणाले, आणि वर घोंगडी घातली.

ह्या खुर्चीत एक खोट होती. आम्ही ती रोज खात होतो. पंधरा दिवसांत माझी बैठक वीतभर खाली यायची आणि माइक माझ्या कपाळाशी बोलायला लागायचा. ह्यावर उपाय काढला नवऱ्याच्या सोबत्यानं. तो नवऱ्याच्या शेजारच्या मशीनवर होता, राहायला बजाजनगरात. फोरमनला विचारून त्यानं भंगारातल्या तुकड्यांचा एक स्टँड बनवून आणला. बुडाला चांगला जड लोखंडी गोळा, वर सरकणारी नळी आणि तिला पिळायचा स्क्रू.

"वहिनी, भाकरी जास्त झाल्या की एक आटा खाली," त्यानं समजावलं. एवढं नेमकं फर्निचर मी आजवर कुठल्या मोठ्या स्टुडिओत पाहिलेलं नाही.

तोवर टेपरेकॉर्डरसोबत आलेल्या माइकवर भागवत होते. चांगला माइक घ्यायला गेले चाचांकडं. चाचा म्हणजे जुन्या शहरात लग्नाला भोंगे भाड्यानं देणारे म्हातारे. त्यांनी गल्ल्यावर दोन माइक ठेवले. एक सडपातळ, चकचकीत, पोटात बॅटरी घेणारा. दुसरा काळा, गोल डोक्याचा, लाटण्याएवढा जड.

"ये विलायती है. च्यूंटी चली तो बी सुनता," सडपातळाकडं बोट करून चाचा म्हणाले. मग काळ्याच्या डोक्यावर टपली मारली. "और ये बहरा है. मगर ईमानदार."

दोन्ही एकेक दिवस घरी नेले. सडपातळानं खरंच सगळं ऐकलं. शेजारणीचा मिक्सर, नळाचं ठिबकणं, कंपनीच्या बसचा हॉर्न, माझ्या बांगड्या, माझं पोट. तीन घरं सोडून एक सासू सुनेला काय म्हणते हेही कॅसेटवर आलं. खरं सांगते, माइक म्हणून नको असला तरी शेजारी म्हणून तो मला फार आवडला होता. फार जिवावर आलं, पण परत केला.

गोल डोक्याचा बहिरा खरा. तोंड जवळ नेलं तरच ऐकायचा, गल्लीची त्याला पर्वा नव्हती. पण 'फ' आणि 'भ' आले की फटाका फुटायचा. चाचांनी दुकानातच परीक्षा घेतली. मी माइक गालाच्या बाजूला धरला आणि त्याच्यावरून तिरकं बोलले.

"मुंह के सामने पकडो बेटी. टेढ़ा कायकू बोलरी?"

"सामने फुटतो, चाचा. ऐका आता."

मी 'फुलाफुलांची भरजरी' असं तीनदा म्हणाले. एकदाही फुटलं नाही. चाचांनी डोळे मिटले, मान डोलावली. "ये किस उस्ताद ने सिखाया?"

"मेंढरांनी."

ते खोटं नव्हतं. वाऱ्याच्या तोंडावर हाक मारली की ती आपल्याच घशात परत येते, म्हणून वाऱ्याला गाल द्यायचा आणि हाक बाजूनं सोडायची, हे आमच्यात पोर चालायला लागलं की शिकवतात. चाचा उठून उभे राहिले. "मेंढरों को मेरा सलाम बोलना," म्हणाले, आणि गोल डोक्याचा माइक कागदात बांधून दिला.

पहिलं मोठं काम औरंगपुऱ्यातल्या एका साडीवाल्या शेठनं दिलं. त्याला हवं होतं पुण्याचं मराठी. मी त्याला दोन कॅसेटी करून दिल्या, एक पुण्याची आणि एक माझी, 'लई' आणि 'नाय' जिथल्या तिथं ठेवलेली. पुण्याची लावली तेव्हा बाया दुकानावरून पुढं गेल्या. माझी लावली तेव्हा थांबल्या, हसल्या आणि आत शिरल्या. शेठला भाषेपेक्षा गिऱ्हाईक जास्त कळायचं. महिन्याभरात गल्लीतली पोरं माझी नक्कल करायला लागली. शेठचं बघून आणखी दुकानदार आले. ज्यानं मला उचललं तो शेठ, आणि त्यानं हात काढला तर बाकीचेही काढतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याच दिवसांत नवऱ्याचा सोबती आला. एरवी तो सरळ आत येऊन आधी आपल्या स्टँडचा स्क्रू पिळून बघायचा, पण त्या दिवशी तो उंबऱ्यातच उभा राहिला.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, ह्यावरून कित्येक वर्षं सगळा मराठवाडा धुमसत होता. खेड्यांत घरं जळली होती, माणसं गेली होती. सोबती त्या चळवळीतला. शहरात त्यांची सभा होती, रिक्षाची परवानगी मिळाली होती, आणि आवाज मिळत नव्हता.

"चार ठिकाणी गेलो वहिनी. एकाची मशीन बिघडलीय, एकाचा घसा बसलाय. एकानं तर मला बघून दिवाच घालवला."

"मग माझ्याकडं आधी का नाय आलात?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमचं आत्ता कुठं बस्तान बसतंय."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेठकडं नवी कॅसेट द्यायला गेले, तर त्याला कळलेलं होतं. औरंगपुऱ्यात बातमीला रिक्षा लागत नाही.

"बाई, करू नका असं मी म्हणणार नाही," शेठ गादीवरून अगदी गोडीत म्हणाला. "पण तुमचा आवाज आता आमच्या दुकानाचा आवाज झालाय. त्यांचं दुसऱ्या आवाजात करा. तुम्हाला येतो की पुण्याचा! कुणाला कळणार?"

"आणि ह्याच आवाजात केलं तर?"

"तर आमची कॅसेट बंद."

मला सगळ्यात जास्त राग आला तो सल्ला शहाणपणाचा होता याचा. सोबत्याचं काम होणार होतं, शेठ राहणार होता, पोतं भरलेलं राहणार होतं. मी चाचांकडून सडपातळ माइक परत उसना आणला, त्याच्या अगदी कानात बोलल्यासारखी हळू, इस्त्री केलेलं मराठी बोलले आणि सोबत्याला बोलावून ऐकवलं. 'समस्त नागरिक बंधुभगिनींना सविनय आवाहन' वगैरे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "चांगलंय," म्हणाला. मग विचारलं, "कोण बाई हाय ही?"

"मीच की!"

"तसं नाय वहिनी. म्हणजे, आमच्या बाया इचारतील, ही कोण बोलावतीय आपल्याला. तुमचा आवाज त्यास्नी ठाऊक हाय."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. ज्या आवाजात मी साड्या विकत होते, त्या आवाजात मला एका सभेचं बोलावणं करता येत नव्हतं का? लाज साड्यांची वाटायला हवी होती की सभेची? लाज लपण्याची वाटली. मी त्याच्यासमोर कॅसेट मागं फिरवली आणि सडपातळ माइक कागदात गुंडाळला.

दुपारी, कंपनीच्या बसगाड्या येऊन गेल्यावरच्या शांततेत, मी पोत्यावर बसले. ज्वारी तळाला गेली होती, म्हणून जवळजवळ फतकलच मारली होती. सोबत्यानं स्क्रू पिळून माइक खाली घेतला. नवरा दारात उभा होता.

"शेठचं काय?" त्यानं विचारलं.

"शेठ त्याच्या घरी."

ह्या वेळी त्याला खोकला आला नाही. त्यानं बाहेर जाऊन नळ घट्ट बंद केला.

मी बोलले, एका दमात, एकही 'लई' न गाळता.

रिक्षा निघायच्या दिवशी मी घरी बसू शकले असते. पण मी नटून शेठच्या दुकानात गेले आणि लुगडी काढायला लावली. शेठ मला बघून खूश झाला, त्याला वाटलं मी ऐकलं. दुकान बायांनी भरलेलं, फळीवरच्या टेपवर माझीच कॅसेट चाललेली. तेवढ्यात चौकातून रिक्षा आली. आत मी, बाहेर मी. आतली म्हणत होती, 'काठ बघा, पदर बघा.' बाहेरची म्हणत होती, 'आयाबायांनो, नामांतराच्या सभेला या, लेकरं घेऊन या.'

बाया आधी फळीकडं बघायला लागल्या, मग रस्त्याकडं. शेठनं माझ्याकडं पाहिलं.

"हे तुम्हीच?"

"व्हय शेठजी. दोन्ही मीच."

त्यानं हात वर केला आणि टेप बंद केला. माझं वाक्य अर्ध्यातच तुटलं. रिक्षाही वळून पुढं गेली. त्या काउंटरवरून मला पुढं कधी काम आलं नाही, आणि इतर दुकानदारांना परत यायला बरेच महिने लागले. पण त्या क्षणी दुकान एवढं गप झालं होतं की माझ्या आठ घोंगड्यांनी लाजावं.

खेड्यावरून आलेली एक म्हातारी हातातलं लुगडं धरून शेठला म्हणाली, "काहून बंद केलं वो? ती बाई बरी बोलत हुती."

"आजी, मी हाय की इथं," मी म्हणाले. आणि उभी राहून, शेठच्या गादीसमोर, भर दुकानात, तुटलेलं वाक्य जिथून तुटलं होतं तिथून पुरं केलं. धुतल्यावर रंग जाणार नाय, इथपर्यंत. मग श्वास न घेता रिक्षातलंही म्हणून टाकलं, सभेच्या जागेसकट.

म्हातारीनं लुगडं खाली ठेवलं, पदर सावरला.

"अन् येळ किती म्हनलीस, बाई?"