झोपलेल्यांचा एसी

मंडळी, यातलं कुणाला काही कळत असेल तर प्लीज लगेच सांगा. डोकं फुटायची वेळ आली आहे.

शिप्रा नदीकाठी, रामघाटाजवळ आमचा यात्री निवास आहे. रिकाम्या खोल्यांत एसी चालू राहतात म्हणून परवाच प्रत्येक खोलीत सेन्सर बसवले. हालचाल दिसली नाही की एसी आपोआप बंद. यात्रेकरूंकडचे रिमोटही काढून घेतले.

आज भर दुपारी वरच्या मजल्यावर आरडाओरडा. साताऱ्याच्या एक आजी घामाने निथळत दारात बसलेल्या. देवळातल्या पहाटेच्या भस्मारतीसाठी रात्रभर रांगेत उभं राहून आलेलं त्यांचं अख्खं कुटुंब गाढ झोपलं होतं. कुणी हललंच नाही, मग एसी बंद! शेजारची रिकामी खोली मात्र थंडगार. तिथली माणसं बाहेर गेलीत, पण शिप्रेत स्नान करून वाळत घातलेल्या साड्या पंख्याखाली हलताहेत ना!

इंदूरच्या सेन्सरवाल्याला फोन केला. तो म्हणतो, "मॅडम, दिन में तो गेस्ट घूमने जाते हैं." अरे भैया, इथे लोक दिवसाच झोपतात! आता तो सोमवारी येणार. तोवर सेन्सर काढला तर एसी चालूच होत नाही.

आजींना लिंबू सरबत दिलं. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या यंत्राला आम्ही मेलो असं वाटलं का हो?"

तेव्हापासून मी जिने चढतेय, दारं वाजवतेय, दमलेल्या माणसांना उठवतेय. का, तर त्यांनी जरा हलावं आणि त्यांना शांत झोप लागावी म्हणून.

सांगा, सोमवारपर्यंत काय करू?